कडकवहिनी आणि ओल्या ब्लँकेटांचा डोंगर

आमच्या थोरल्या वहिनीला सगळा गाव कडकवहिनी म्हणतो. त्यात दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे ती लाँड्री चालवते, आणि तिच्या हातची खळ अशी, की शर्ट खुंटीला न टांगता नुसता भिंतीशी टेकवला तरी मुकाट उभा राहावा. दुसरी गोष्ट तिच्याशी बोलायला गेलात की आपोआप कळते. मी चड्डीत असताना ती आमच्या घरात आली, म्हणून तिला अगं-तुगं करायची मुभा गावात फक्त मला. ती मात्र मला आजतागायत ‘भाऊजी’ आणि ‘अहो’ म्हणते, आणि त्या ‘अहो’ला असा काही सूर लावते की शेजारच्याला वाटावं, शिवी दिली.

लाँड्री बाजाराच्या चढावर. पुढे काउंटर, मागे भट्टीची खोली, आणि त्याच्याही मागे मोठं फरसबंद अंगण, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्याच दोऱ्या. भट्टी दादा सांभाळतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. हा माणूस वर्षाकाठी चार वाक्यं बोलतो, त्यांतली तीन ‘लाकडं संपली’ अशी असतात. बोलण्याचं खातं वहिनीकडे.

तिचं बोलणं कसं ते एका गोष्टीवरून सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. एकदा एक कारकून आणि त्याची बायको पांढरी चादर घेऊन आली. मध्यभागी हा एवढा डाग.

“हिने पाडला,” कारकून म्हणाला.

“मी? मी कशाला पाडेन? यांचाच धांदरटपणा!”

वहिनीने चादर ओढून घेतली. “कुणी पाडला ते घरी जाऊन ठरवा, रात्र पडलीय अख्खी. मला एवढंच सांगा, डाग कशाचा आहे? चहाचा असेल तर एक उपाय, गंजाचा असेल तर दुसरा. नवऱ्याचा डाग काढायचा साबण अजून निघालेला नाही.”

“शाईचा,” कारकून पुटपुटला.

“बघा! शाईचा! म्हणजे यांचाच!” बायको म्हणाली.

“शाईचा ना? झालं तर. मंगळवारी या.” आणि वहिनी आत गेलीसुद्धा.

ही तिची पद्धत. डाग पाडणाऱ्याचं नाव तिने कधी विचारलं नाही. मला वाटायचं, ही फक्त धंद्याची हुशारी, कारण नवराबायकोच्या भांडणात पडलं की गिऱ्हाईक तुटतं. ही हुशारी केवढी मोठी आहे ते कळायला आमच्या गावाला चक्रीवादळ यावं लागलं.

आता वादळाआधी भोंपूची ओळख करून देतो. भोंपू म्हणजे आमच्या गावच्या बसचा ड्रायव्हर. त्याचं खरं नाव त्याच्या आईला आठवत असेल तर असेल. उंच, किडकिडीत, आणि मनाने लोण्याहून मऊ. बस सुटायच्या वेळी तो एक लांबलचक भोंगा द्यायचा. म्हणजे, निघालो. पण निघायचा नाही. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलेला असेल, कुणाचं दूध उतू जात असेल, असा विचार करत बसायचा, आणि मग एक छोटासा भोंगा द्यायचा, पिप् असा. त्याला आम्ही आळशांचा भोंगा म्हणायचो. सगळी खालची आळी त्या पिप् वर जगत होती. लांब भोंग्याला कुणी घराबाहेर पडला तर समजावं, एकतर हा पाहुणा आहे, नाहीतर बायकोशी भांडलाय.

खालची आळी म्हणजे खाडीच्या काठची वस्ती. तिथून वर यायला एक ठेंगणा पूल. वादळाच्या दिवशी रेडिओवर सूचना आली, नगरपालिकेच्या अध्यक्षांनी हुकूम काढला, आणि भोंपू दुपारपासून आळीतल्या लोकांना चढावरच्या शाळेत आणून सोडू लागला. खेपेवर खेप. शेवटच्या खेपेला गाडी पोरांनी आणि बाळंतिणींनी ठासून भरली. आकाश काळंठिक्कर, वाऱ्याने पत्रे उडायला लागलेले, आणि पुलाच्या कठड्याला पाणी लागलेलं. भोंपूने लांब भोंगा दिला. आळीने ऐकला, आणि नेहमीप्रमाणे पिप् ची वाट बघत सामान बांधत राहिली. भोंपूने पुलाकडे पाहिलं, आरशातून मागच्या पोरांकडे पाहिलं, आणि गाडी काढली. गाडी पुलापार झाली, आणि थोड्याच वेळात पूल राहिला नाही.

जे मागे राहिले ते बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर चढले. रात्रभर पाण्यात आणि वाऱ्यात. सकाळी होड्या गेल्या तेव्हा सगळे मिळाले, पण आळीतल्या शिंप्याचे वडील ती सकाळ बघू शकले नाहीत. म्हातारा छातीने आधीच अधू होता. थंडीने गेला.

दिवस उजाडला तेव्हा खालची आळी नव्हती. होती ती नुसती चिखलात रोवलेली दारं. मी सत्तरी ओलांडली आहे, पुष्कळ पाहिलं आहे, पण घर नसलेलं दार मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

शाळेच्या वर्गावर्गांतून माणसं बाकं सरकवून बसली होती. पाव होता, चहा होता, आणि तोंडी लावायला भोंपू होता. “पळाला मेला!” “आपला जीव वाचवला!” “एक पिप् करायला काय धाड भरली होती?” ज्याला चहा उशिरा मिळाला तोसुद्धा भोंपूच्या नावाने बोटं मोडायचा. मी काय म्हणतो, वादळाला शिव्या देऊन माणसाचं समाधान होत नाही. वादळाला तोंड नाही, पत्ता नाही. भोंपूला दोन्ही होतं.

अशात मदतीचा ट्रक आला. ब्लँकेटांचे गठ्ठेच्या गठ्ठे! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग गठ्ठे उघडले. किनाऱ्याच्या रस्त्यावर ताडपत्री उडून गेली होती, आणि लाटांनी सगळा माल समुद्राच्या पाण्यात बुडवून काढला होता. भिजत घोंगडं, भिजत घोंगडं असं जन्मभर म्हणत आलो, ते डोळ्यांनी पाहायचा योग असा आला. इकडे पोरं कुडकुडत होती. एका म्हाताऱ्याचा खोकला तर शिंप्याच्या वडिलांसारखाच वाजायला लागला होता, आणि तो ऐकला की सगळा वर्ग गप्प व्हायचा.

“वाळत घालू,” कुणीतरी म्हणालं.

वहिनीने एका ब्लँकेटाचा कोपरा जिभेला लावला. “खारट आहे. मिठातलं कापड वाळत नाही. वाळल्यासारखं दिसतं, आणि संध्याकाळी हवेतली ओल ओढून परत ओलं होतं. हे गोड्या पाण्यातून काढायला हवं, मग भट्टीची ऊब द्यायला हवी. भाऊजी, आणा सगळं अंगणात.”

“अगं पण गोडं पाणी कुठं आहे? विहिरीत समुद्र शिरलाय.”

“डोंगरावर खाणीचं तळं आहे.”

“ते काय मी तोंडात भरून आणू?”

“तुमच्या तोंडात मावेल हो,” ती म्हणाली, “पण सांडेल फार. बस कुठं आहे?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही कुठं निघाली. ट्रक माघारी गेलेला, गावात धड उरलेली मोठी गाडी एकच. आणि ती चालवणारा माणूसही एकच.

भोंपूची खोली टायरच्या दुकानावर. खाली बस उभी होती. तिच्यावर कुणीतरी चिखलाचे गोळे मारले होते, आणि कोळशाने मोठ्या अक्षरांत ‘पळपुटा’ लिहिलं होतं. मी म्हटलं, “हे अक्षर कुणाचं ते मी ओळखतो, वहिनी.”

“अक्षर कुणाचंही असू दे. कोळशाचं आहे ना? निघेल.” आणि जिना चढली.

‘येऊ का’ विचारायची तिला सवय नाही. दार ढकलून म्हणाली, “गाडीत डिझेल आहे?”

भोंपू पिशवीत कपडे कोंबत होता. डोळे सुजलेले. “मी बहिणीकडे चाललोय, वहिनी. किल्ली डेपोत ठेवून जातो.”

“किल्लीचं कुणी विचारलं? डिझेल.”

“आहे. पण मी आता ती गाडी हातात धरणार नाही. या गावात तोंड दाखवणार नाही. माझ्यामुळे माणूस गेला.”

“वारा तू सोडलास?”

“वहिनी, थट्टा नका करू.”

“समुद्र तू पुलावर आणलास? नाही ना? मग? एवढं मोठं वादळ, आळीच्या आळी गिळून गेलं, आणि तू म्हणतोस ते सगळं माझ्या डोक्यावर ठेवा. आरशात बघ एकदा. एवढं आहे का तुझं डोकं? टोपी शिवायला टाकलीस तेव्हा शिंपीच म्हणाला होता, पोरासोरांचं माप आहे म्हणून.”

शिंप्याचं नाव निघालं आणि भोंपूने तोंड फिरवलं. वहिनीलाही कळलं. ती खाटेवर टेकली. असं टेकून बोलताना मी तिला फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

“थांबला असतास तर काय झालं असतं?”

“पूल... गाडीसकट...”

“गाडीत कोण होतं?”

“पोरं होती.” त्याचा आवाज फुटला. “हे सगळं मला कळतं, वहिनी. डोळे उघडे असतात तोवर कळतं. मिटले की कळत नाही.”

“मग मिटू नकोस इतक्यात,” वहिनी उठत म्हणाली. “पाणी आणायचंय.”

भोंपूने पिशवीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. “एक खेप. मग मी जातो.”

“एक तर एक,” वहिनी म्हणाली. भाव करताना ती पहिला आकडा नेहमी मान्य करते. तो तिचा डाव असतो.

आम्ही बसची बाकं काढली, रंगाच्या दुकानातली निळी पिंपं धुऊन आत लावली, आणि भोंपू डोंगरावर गेला. तो परत येईपर्यंत अंगणात शाळेतली वीसपंचवीस माणसं जमली होती. टब मांडले होते, भट्टीखाली मोडक्या दारांची लाकडं पेटली होती. बस फाटकात शिरली आणि सगळ्यांचे हात थांबले. ड्रायव्हर कोण ते दिसलं ना! पिंपं उतरवायला एक माणूस पुढे होईना. एक बाई तर मोठ्याने म्हणाली, “त्याच्या हातचं पाणी मला नको.”

भोंपू स्टिअरिंगवर मान घालून बसला. मला वाटलं, आता हा गाडी उलटी फिरवतो आणि थेट बहिणीचं दार गाठतो. ब्लँकेटं गेली, आणि भोंपूही गेला, कायमचा कलंक घेऊन.

तेवढ्यात भट्टीच्या खोलीतून दादा बाहेर आला. शांतपणे बसमध्ये चढला, एक पिंप दारापर्यंत सरकवलं आणि त्या वर्षाचं आपलं चौथं वाक्य खर्च केलं. “जड आहे. धरा कुणीतरी.”

दादा बोलला याचाच लोकांना एवढा धक्का बसला की चारपाच जण धावलेच.

पाणी टबांत पडलं, कामाला सुरुवात झाली, आणि वरून अध्यक्ष अवतरले. बरोबर दोन वार्ताहर. अध्यक्षांचा शर्ट त्या प्रलयातही परीटघडीचा. “चौकशी लावली आहे,” ते वार्ताहरांना ऐकू जाईल असं म्हणाले. “जबाबदार व्यक्तीला निलंबित करण्यात येईल. अहो वहिनी, तुम्ही याला इथं कसा काय...”

“अध्यक्ष, जरा ते टोक धरा.”

“अं? माझा शर्ट...”

“तो शर्ट मीच इस्त्री केलाय. त्याला काही होत नाही.”

तर सांगायची गोष्ट, ब्लँकेट पाणी प्यालं की रेड्यासारखं जड होतं. पिळायच्या यंत्रात ते जात नाही, हातानेच पिळावं लागतं, आणि त्याला दोन माणसं लागतात. समोरासमोर उभं राहून दोघांनीही आपापल्या उजवीकडे पिळायचं. एकाने उजवीकडे आणि एकाने डावीकडे पिळलं तर ब्लँकेट नुसतं गोल फिरतं, थेंब गळत नाही. अध्यक्ष आणि मी बराच वेळ असंच फिरवत होतो.

आणि मग शिंपी आला. तो सकाळपासून शाळेच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. कुणीतरी चुगली केली असणार. फाटकातूनच ओरडला, “हा इथं? याला इथं काय काम?”

भोंपू एका टबाशी ओलं ब्लँकेट घेऊन उभा होता, दुसरं टोक धरायला कुणी न आल्यामुळे एकटाच. शिंपी तरातरा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, मूठ वळलेली. वहिनी दोघांच्या मध्ये आली. मला वाटलं, समजूत घालणार. तिने जमिनीवर लोळणारं ब्लँकेटाचं टोक उचललं आणि शिंप्याच्या त्या वळलेल्या मुठीत कोंबलं.

“मारायचं ते मार, पण आधी हे पीळ. वर्गात तो म्हातारा खोकतोय, ऐकलंस ना तू? हे त्याच्यासाठी आहे.”

शिंप्याने खोकला ऐकला होता. सगळ्यांत जास्त त्यानेच ऐकला असणार. त्याने दात आवळून ब्लँकेट पिळलं. ते गोल फिरलं.

“अरे उजवीकडे!” वहिनी खेकसली. “शिंपी असून उजवा हात कुठला कळेना?”

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं. दोघांनी पुन्हा पिळलं. या वेळी भसाभस पाणी पडलं, थेट अध्यक्षांच्या बुटांवर. दोघं पिळत राहिले. पाणी संपलं तरी पिळतच राहिले. टोक न सोडता शिंप्याने खाली बघत विचारलं, “बाबा दारात आले होते?”

“आले होते,” भोंपू म्हणाला. “मी हात केला. मग ते आत वळले.”

“का वळले माहीत आहे? मी हाक मारली.” शिंप्याचा आवाज एकदम सपाट झाला. “मशीन उचलत होतो. म्हटलं, बाबा, एवढी काय घाई, आळशांचा भोंगा व्हायचाय अजून.”

मी तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला डोळ्यांनी दिसलं. इतका वेळ भोंपूकडे वळलेल्या सगळ्या माना हळूहळू शिंप्याकडे वळायला लागल्या. खापर एका डोक्यावरून उठलं होतं आणि बसायला दुसरं डोकं शोधत होतं. शिंप्यालाही ते कळलं. “म्हणजे मीच...” तो म्हणाला.

“नाही,” वहिनी म्हणाली. “तूसुद्धा नाही. दोषी माणूस उभा करायला माझ्या अंगणात आज जागा नाही. सगळ्या दोऱ्या ब्लँकेटांनी भरल्यात.” मग ती सगळ्यांकडे वळली. “त्या पिप् ची वाट कोण बघत बसलं नव्हतं, त्याने पुढे व्हावं. आहे कुणी? नाही ना? मग धरा टोकं.”

“पण वहिनी,” अध्यक्ष ओल्या बुटांतून म्हणाले, “वार्ताहरांना काय सांगायचं? कुणीतरी जबाबदार असणारच की!”

“कोण ते नंतर बघा. काय झालं ते सांगा. नुसत्या भोंग्याने माणूस घराबाहेर पडत नाही, हे सांगा. म्हातारी माणसं शेवटच्या खेपेला ठेवली, ती पहिल्या खेपेला न्यायला हवीत, हे सांगा. पूल ठेंगणा होता, तोही सांगा.”

पुलाचं नाव निघताच अध्यक्षांना ब्लँकेट पिळायची भयंकर हौस आली. “धरा हो, धरा,” ते मला म्हणाले, आणि या वेळी त्यांनी उजवीकडेच पिळलं. वार्ताहर मात्र पुलाबद्दल लिहून घेत राहिले.

पुढे गावाने ठरवलं, वादळाची सूचना आली की दोन दोन माणसांनी घरोघर जाऊन दार वाजवायचं, आणि माणूस बाहेर आल्याशिवाय तिथून हलायचं नाही. आळशांचा भोंगा कायमचा बंद झाला. पूलही उंच झाला, पण त्याला अध्यक्ष बदलावा लागला, तो किस्सा निराळा आहे आणि चांगलाच लांब आहे. शिंपी त्या दिवशी रडला नाही. तो रडला नंतर, ब्लँकेटांच्या फाटक्या कडा शिवताना, मशीन न थांबवता. कुणी त्याला गप्प केलं नाही. वहिनीने नुसती चिमणी पुसून कंदील त्याच्याजवळ सरकवला.

पण मी त्या दिवसाचं सांगत होतो. पहिली खेप संपली, पाणी संपलं, ढीग अजून डोंगराएवढा. भोंपू फाटकापाशी घुटमळत होता. एक खेप कबूल केली होती, ती झाली होती. अडवणार कोण? वहिनीनेसुद्धा अडवलं नाही. ती पाठ करून दोऱ्यांवर चिमटे लावत राहिली.

शिंपी मात्र बसमध्ये चढला आणि पिंपांच्या मध्ये उकिडवा बसला. मघाची ती बाई म्हणाली, “अहो, त्याच्याबरोबर निघालात?”

“झाकणं उडतात चढावर,” शिंपी म्हणाला. “धरायला माणूस लागतो. का तुम्ही आणताय डोक्यावरून?”

भोंपूही चढून बसला आणि त्याने गाडी चालू केली.

आणि इथे खरी गंमत झाली. घाईघाईत त्याने गाडी मागे घेतली ती फाटकाजवळच्या डबक्यातून. मागचं चाक फिरलं, आणि पहिल्या दोरीवरच्या स्वच्छ, पांढऱ्या, नुकत्याच वाळत घातलेल्या ब्लँकेटांवर चिखलाची अशी काही रांगोळी उठली की विचारू नका.

“ए भोंप्या!” तीच बाई किंचाळली. “डोळे फुटले का तुझे? आमची सकाळची मेहनत!”

“आंधळा आहे मेला!”

“याला परवाना दिला कुणी?”

सगळं अंगण एका सुरात ओरडत होतं, हातवारे करत होतं, आणि त्या ओरडण्यात मघाचं विष कुठं औषधालाही नव्हतं. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर ओरडावं तसं, नेहमीचं, घरगुती ओरडणं होतं ते. भोंपूने खिडकीतून मान बाहेर काढली. चिखल बघितला.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला.

“आहेच मुळी!” वहिनी कमरेवर हात ठेवून गरजली. “ही बघा, ही याची चूक! शंभर टक्के याची! पाणी आणलंस की खाली उतरायचं आणि सगळी धुवायची. एकट्याने!”

“बरं,” भोंपू म्हणाला, आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. मग गाडी चढाला लागली.